पॅसेजमधली मासेमारी

दोन रॉड आणि दोन रील असलेलं लांबट खोकं गुरुवारी सकाळी घरी आलं, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत लिफ्टवाल्याने ते चार वेळा उघडून पुन्हा बंद केलं.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. चौतीस वर्षं त्याने शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट वर-खाली चालत्या ठेवल्या होत्या, आणि निवृत्त होऊन आठ महिने झाले तरी लोक त्याला त्याच नावाने हाक मारत. रिकामपण त्याला सोसत नव्हतं. घरातल्या प्रत्येक बिजागरीला त्याने इतक्यांदा तेल घातलं होतं की दारं नुसत्या वाऱ्याने उघडायची. शेवटी त्याच्या मेहुण्याने त्याला गळ घातली, आणि तीही गळाचीच. मेहुण्याचं चष्म्यांचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाकडून त्याला कळलं होतं की शहराबाहेरच्या तलावावर एक क्लब आहे. मंडळी रविवारी पहाटे जातात, दिवसभर पाण्यात गळ टाकून बसतात आणि दिवेलागणीला घरी येतात.

"भाऊजी, यात धावपळ नाही, घाम नाही, कोणाशी बोलावं लागत नाही," मेहुणा म्हणाला होता. "आपल्यासाठीच काढलाय हा खेळ."

येत्या रविवारी दोघांची पहिली खेप होती. तिथे जाऊन हसं होऊ नये म्हणून आधी घरी हात बसवायचा असं ठरलं. रॉड विकणाऱ्याने खरं तर मोकळ्या मैदानात सराव करायला सांगितलं होतं. पण कोपऱ्यावरच्या मैदानाभोवती चारही बाजूंनी गॅलऱ्या होत्या.

"भर दुपारी कोरड्या जमिनीवर मासे धरणारे दोन प्रौढ गृहस्थ लोकांना दिसले," मेहुणा म्हणाला, "तर उद्यापासून माझ्याकडे कोण डोळे तपासून घेईल?"

म्हणून सराव घरात, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या दारापासून सरळ आत जाणारा एक पॅसेज होता. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला झोपायच्या खोल्या आणि अगदी शेवटी लिफ्टवाल्याच्या बायकोची शिवणखोली. लिफ्टवाल्याने टेप लावून पॅसेज मोजला. बावीस फूट भरला.

बायको कपडे शिवायची, आणि शहरातल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या वहीत होती. त्या आठवड्यात ती एका न्यायाधीश बाईंचा पायघोळ ड्रेस पुरा करत होती. गडद हिरवं रेशमी कापड, लांब बाह्या, पाठीवर ओळीने बारा बटणं. बाई शुक्रवारी निवृत्त होणार होत्या आणि संध्याकाळी निरोपाचा समारंभ होता. ड्रेस चाकं लावलेल्या पुतळ्यावर चढवलेला होता आणि आता फक्त बटणं आणि शेवटचं फिटिंग राहिलं होतं.

"अहो, मी बटणं आणायला जातेय," चपला घालता घालता ती म्हणाली. "मॅडम चार वाजता येतील. तोवर खेळ आवरा."

"खेळ नाही, सराव."

"बरं, सराव आवरा. आणि माझ्या खोलीचं दार बंदच राहू दे."

"ताई, काळजीच करू नकोस," मेहुण्याने दोरीच्या टोकाला बांधलेला शिशाचा गोळा दाखवला. "गळ लावलेलाच नाही. नुसतं वजन आहे."

"तरीपण," ती म्हणाली आणि गेली.

दोघांनी कामाला सुरुवात केली. रॉड सात फुटांचा आणि छत नऊ फुटांचं, त्यामुळे डोक्यावरून फेकणं शक्यच नव्हतं. पहिल्या प्रयत्नात पॅसेजचा दिवा बराच वेळ झुलत राहिला, तेव्हा हे कळलं. मग मेहुण्याने माहितीपत्रक वाचून दाखवलं. रीलवरची तारेची कडी उघडायची, दोरी बोटाने अडवून धरायची, रॉड कमरेच्या उंचीवर मागे न्यायचा, झोकात पुढे आणायचा आणि नेमक्या क्षणी बोट सोडायचं.

"नेमका क्षण म्हणजे कोणता?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

लिफ्टवाल्याने चौतीस वर्षं दोर आणि कप्प्या हाताळल्या होत्या. या एवढ्याशा रीलने आपल्याला शिकवावं हे त्याला पटत नव्हतं. त्याने रॉड मागे नेला आणि बोट तिथेच सोडलं. गोळा मागच्या मागे जाऊन बाहेरच्या दारावर खाडकन आदळला. माहितीपत्रकात डोकं घातलेला मेहुणा आवाज ऐकून गेला, दार उघडलं, जिन्यात इकडेतिकडे पाहिलं आणि परत आला.

"कोणी नाही," तो म्हणाला.

लिफ्टवाल्याने त्याला काही सांगितलं नाही.

मेहुण्याची पाळी आली तेव्हा गोळा पुढे गेला खरा, पण चार फुटांवर, आणि रीलवरून भसाभस सुटलेल्या दोरीचं चिमणीच्या घरट्यासारखं गुंतवळ झालं. ते सोडवण्यात दोघांची वीस मिनिटं गेली आणि शेवटी कात्री लागली. तेवढ्यात मेहुण्याला सुचलं की समोर काहीतरी लक्ष्य हवं. त्याने न्हाणीघरातून टब आणला, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं आणि शिवणखोलीच्या दाराशी ठेवला.

"पाणी कशाला?"

"भाऊजी, डोळ्यांना पाणी दिसलं की हात आपोआप वळतो. मी डोळ्यांचं काम करतो, मला माहीत आहे."

पाणी दिसूनही हात काही वळला नाही. गोळा एकदा स्वयंपाकघरात शिरला, दोनदा भिंतीवर आपटला आणि एकदा मेहुण्याच्या खिशातल्या चष्म्याच्या डबीवर टकटक करून आला. अर्ध्या तासाने दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं: चूक त्यांची नव्हती, पॅसेजची होती.

"पल्ला कमी पडतोय," लिफ्टवाला म्हणाला. "दार उघडलं तर आणखी बारा फूट मिळतात."

"ताई दार बंद ठेवायला सांगून गेलीये."

"आपण काही आत जात नाही. दार उघडं राहील, एवढंच."

मेहुण्याने दार उघडलं. मग, एवढं केलंच आहे तर म्हणून, त्याने खिशातून चष्म्याची डबी काढली. डबीत चष्मा नव्हता, मऊ कापडात गुंडाळलेला एक गळ होता.

"नुसत्या शिशाने अंदाज येत नाही," तो हळूच म्हणाला. "खऱ्या गळाचं वजन वेगळं असतं."

नको म्हणायला लिफ्टवाल्याने तोंड उघडलं होतं. पण आठ महिन्यांत त्याच्या हाताला एवढं नवं, चकचकीत काही लागलं नव्हतं. त्याने गळ दोरीला बांधू दिला.

आणि नेमक्या त्याच वेळी त्याला तो नेमका क्षण सापडला. रॉड सुळकन पुढे आला, बोट सुटलं, दोरी बारीक शीळ घालत निघाली. गोळा टबावरून, उंबऱ्यावरून, कापायच्या टेबलाच्या कडेवरून गेला आणि कुठेतरी मऊशा जागी अलगद विसावला. दुपारभरातली ती सगळ्यात देखणी फेक होती.

"वा," मेहुणा म्हणाला.

लिफ्टवाल्याने रील फिरवली. दोरी ताठ झाली. पलीकडे काहीतरी जड होतं. माहितीपत्रकात लिहिलं होतं की असं जाणवलं की हलकासा झटका देऊन गळ रुतवायचा. त्याने झटका दिला, आणि फारसा हलका दिला नाही.

शिवणखोलीतून चर्र असा आवाज आला. त्या घरात कापड फाडल्याच्या आवाजाने कोणी दचकत नसे. पण हा आवाज ठरवून काढलेला नव्हता, आणि ते दोघांनाही कळलं. पाठोपाठ उघड्या दारातून पुतळा बाहेर आला. त्याच्या चाकांना लिफ्टवाल्यानेच मागच्या आठवड्यात तेल घातलं होतं. बिनडोक्याची हिरवी बाई एक बाही पुढे करून, कोणाची वाट अडवायची नाही अशा थाटात, उंबऱ्यावरून घरंगळत टबाकडे निघाली. लिफ्टवाल्याला थांबता येईना, कारण हात आपले रील फिरवतच होते.

"भाऊजी, थांबा, टब," एवढंच म्हणून मेहुणा धावला. पुतळा पाण्यावर कलला त्याच क्षणी त्याने त्याला कमरेत मिठी मारली. ड्रेस वाचला. मेहुण्याचा डावा पाय बुटासकट टबात गेला.

बाहेरचं दार उघडलं ते तेव्हाच.

बायकोच्या हातात बटणांची पुडी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, वाकलेल्या रॉडकडे पाहिलं, दोरीवरून नजर नेत नेत ती भावापर्यंत पोहोचली.

"सोडा आधी," ती म्हणाली.

मेहुण्याने हात सैल केले.

"पुतळा नको सोडूस. दोरी सोडा, अहो. तुम्हाला सांगतेय."

तिने गळ कापडातून कसा काढला ते दोघांना दिसलंसुद्धा नाही, इतक्या सहज तिची बोटं चालली. बाहीवर मनगट आणि कोपर यांच्या मधोमध दोन बोटं लांबीची फाट होती.

"गळ लावला नव्हता ना?"

"वजनाचा अंदाज यावा म्हणून फक्त," मेहुणा म्हणाला.

"या गळाचं वजन माझ्या एका टाचणीएवढं आहे. मी दिवसाला शंभर टाचण्या लावते. माझा अंदाज कधी चुकला नाही." ती ओरडली नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "हे कापड संपलंय. तागा संपला, दुकानातही नाही. नवी बाही कापायला चिंधीसुद्धा उरलेली नाही."

लिफ्टवाल्याचा चेहरा उतरला. गेले दहा दिवस ती या ड्रेसवर वाकून बसलेली त्याने पाहिली होती. तेवढ्यात घंटा वाजली. चारला अजून वीस मिनिटं होती, पण न्यायाधीश बाईंना वेळेआधी यायची सवय होती.

"मी सांगतो, तू आजारी पडलीस," लिफ्टवाला कुजबुजला.

"तुम्ही केलंय, तुम्हीच काय ते खरं सांगा. खोटं ओळखणं हा त्यांचा धंदाच आहे."

बाई उंच होत्या. केस आखूड आणि पांढरे, नजर सरळ. पॅसेजमध्ये आल्यावर त्यांनी टब पाहिला, ओला बूट पाहिला, पुतळा पाहिला. लिफ्टवाला रॉड हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होता. रॉड खाली ठेवायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या ड्रेसच्या बाबतीत एक घटना घडली आहे."

"कधी?"

"पाच मिनिटांपूर्वी."

"पाहिली कोणी?"

"मी," मेहुणा म्हणाला, आणि मग पायाकडे बघत, "म्हणजे मी सामीलच होतो."

"गळ किती नंबरचा?"

अशी उलटतपासणी होईल असं लिफ्टवाल्याला वाटलं नव्हतं. त्याने मेहुण्याकडे पाहिलं.

"सहा नंबर," मेहुणा म्हणाला.

"कोणत्या माशासाठी?"

"जो येईल त्याच्यासाठी."

बाईंनी पुतळ्याजवळ जाऊन बाही नीट पाहिली. मग लिफ्टवाल्याच्या हातातून रॉड काढून घेतला, रील कानाशी नेऊन दोन वेढे फिरवली, दोरी चिमटीत धरून सैल सोडली. दोरी हवेत आपोआप वेटोळी घ्यायला लागली.

"ही दोरी कोणी भरली?"

"आम्हीच. सकाळी."

"उलटी भरलीय."

"मला वाटलंच," लिफ्टवाल्याची बायको पटकन म्हणाली. "रीळ उलटं बसवलं की दोऱ्याला पीळ पडतो आणि मग गुंते होतात. बॉबिनचं तसंच असतं." बोलून झाल्यावर तिला एकदम संकोच वाटला. "सॉरी मॅडम. तुम्ही आत चला, बाहीचं काय करता येतं ते बघते."

न्यायाधीश बाई तिच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग आत गेल्या. दार बंद झालं. बाहेर मेहुण्याने मोजा पिळला. लिफ्टवाल्याने टब उचलायला घेतला आणि ठेवून दिला, कारण आता कशालाही हात लावायची त्याला भीती वाटत होती. आतून बराच वेळ बायकोचाच आवाज येत होता: आधी रविवारच्या क्लबाची हकिकत, मग हात वर करा, आता खाली, इथे आवळतंय का.

दार उघडलं तेव्हा बाई ड्रेस घालून दारात उभ्या होत्या. फाटलेल्या बाहीला कच्चे टाके, खांद्यावर टाचण्या, पाठीवरची बटणं अजून लागायची होती.

"माझ्या वडिलांनी मला सातव्या वर्षी रॉड दिला," त्या म्हणाल्या. "तुम्ही रविवारी ज्या क्लबात येणार आहात, तिथे मी एकवीस वर्षं जाते. दोरीचा गळ काढा आणि टब दाराशी ठेवा. त्या दाराशी नाही, बाहेरच्या."

मेहुण्याने टब नेला. बाईंनी रॉड कमरेच्या उंचीवर धरला, मनगट एवढंसं हललं, आणि गोळा वीस फुटांवरच्या पाण्यात टुपकन पडला. त्याच क्षणी काखेतली शिवण कचकली आणि एक टाचणी खाली पडली.

"बघा," बाई खांदा चोळत म्हणाल्या, "बाही लांब आहे आणि आवळतेय. उद्या मला चारशे लोकांशी हात मिळवायचाय. कोपराच्या वर कापता येईल?"

लिफ्टवाल्याच्या बायकोने बाहीवर बोटाने रेघ ओढली. कोपराच्या वर कापलं तर फाट आपोआप निघून जात होती, आणि उरलेल्या कापडातून काखेला जोड देता येत होता.

"दोन तासांत होईल," ती म्हणाली.

"आधी तुम्ही एकदा फेका."

"मी? छे, मला काय येतंय."

"दोऱ्याचं तुम्हाला येतं. बाकी सगळं मनगट आहे."

आधी तिने सगळी दोरी उकलली. खिडकीच्या कडीपासून पॅसेजभर ताणून पीळ काढला, ओल्या फडक्यातून सरकवत पुन्हा सुलट भरली. रीलवरची चकती फिरवून बघितली. "हे टेन्शन असणार," ती स्वतःशीच म्हणाली आणि मशीनचा स्क्रू पिळावा तशी ती पाव वेढा सैल केली. मग तिने रॉड धरला. पहिला गोळा टबाच्या कडेला लागला. दुसरा पाण्यात पडला.

"पहिल्या पहिल्यांदा नशीब साथ देतं," लिफ्टवाला म्हणाला.

तिसराही पाण्यात पडला. चौथा पडला तेव्हा मेहुणा खाली बसला. लिफ्टवाल्याने मग नशिबाचा विषय काढला नाही.

जाताना न्यायाधीश बाई दारात थांबल्या. "रविवारी तिघंही या," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघं, गळ पाण्यापाशी पोहोचल्यावरच लावा."

लिफ्टवाला त्या दिवशी सुतासारखा सरळ आला होता. संध्याकाळी त्याने कोणी न सांगताच टब जागेवर नेला, फरशी पुसली आणि बायको बाह्या कापत होती तोवर टाचण्यांचा डबा धरून तिच्याशेजारी बसून राहिला.

"ओरडली असतीस तर बरं वाटलं असतं," तो शेवटी म्हणाला.

"वेळ नव्हता," ती म्हणाली. "धरा हे टोक."

रविवारी जायला ती आढेवेढे घेत होती. रविवार तिचा उरलेली कामं उरकायचा दिवस. वाट बघणारे तीन ब्लाउज आणि एक कोट तिने मोजून दाखवले. मेहुणा म्हणाला, "ताई, तू आली नाहीस तर बाई आम्हाला तलावावर पाऊल ठेवू देणार नाहीत." मग ती आली.

तलाव मोठा होता, काठावर वाळकं गवत आणि पाण्यावर सकाळचा पांढुरका उजेड. क्लबातली पंधरा-वीस माणसं लांब लांब अंतरावर विखुरलेली होती. मेहुण्याने पहिल्या तासात गळ दोनदा गवतात आणि एकदा स्वतःच्या टोपीत अडकवला. दुसरा रॉड बायकोच्या हातात होता. लिफ्टवाला तिच्या मागे घडीच्या खुर्चीवर बसून सूचना देत होता. तिने एकदाच मागे वळून पाहिलं आणि त्याने सूचना देणं थांबवलं.

दोन तास काहीच झालं नाही. मग तिचं मनगट एकाएकी स्थिर झालं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"सुईखाली कापड दुमडलं की लागतं ना हाताला, तसं लागतंय."

तिने झटका दिला नाही. थोडी दोरी सोडली, थोडी घेतली, पुन्हा सोडली. मासा काठाशी आला तेव्हा वीतभर लांब होता, रुपेरी आणि भलताच रागावलेला. न्यायाधीश बाई येऊन बघून गेल्या, मान हलवली. तिने ओल्या हाताने गळ काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला. मग कंबरेवर हात ठेवून ती तो गेला तिकडे बघत उभी राहिली.

लिफ्टवाल्याला वाटलं, हिला अशी पाठ ताठ करून दूरवर बघताना आपण शेवटचं कधी पाहिलं? आठवत नव्हतं. तीस वर्षं त्याने तिला पाहिलं होतं ते मशीनवर वाकलेली, नाहीतर कोणाच्यातरी पायाशी बसून काठ दुमडताना. त्याने खुर्ची उचलून तिच्या शेजारी नेऊन ठेवली. ती बसली नाही, पण खुर्चीच्या पाठीवर तिने हात टेकवला.

त्यानंतर शिवणखोलीच्या दारावर एक कागद लागला: रविवारी काम बंद. एक रॉड कायमचा तिचा झाला. मेहुण्याने तिसरा मागवायची भाषा केली, तेव्हा ती म्हणाली की एक नीट चालवायला येईपर्यंत दुसरा आणायचं काही कारण नाही. त्यामुळे आता दोघं गृहस्थ एका रॉडवर पाळीपाळीने बसतात, आणि तलावावर बोलायला मनाई असूनही त्यांचा आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत जातो.

"भाऊजी, तुमची अर्ध्या तासाची पाळी संपली."

"माशाने आत्ता कुठे चौकशी केलीय. जरा दम धरा."

"ती चौकशी मागच्या रविवारीपण सुरू होती."

"गप्प बसा रे दोघं," ती पाण्यावरची नजर न काढता म्हणते, आणि दोघं गप्प बसतात.